बिनपैशाचं बुद्धिबळ : प्रकल्प नोंदी

२ जून

प्रकल्प एका ओळीत: बुद्धिबळात सुधारायचं आणि त्यासाठी खिशात हात घालायचा नाही. हाताशी फोन आहे, अधूनमधून लॅपटॉप मिळतो, इंटरनेट चालू-बंद असतं. सरावाला एक जोडीदार आहे, साधारण माझ्याच ताकदीचा आणि माझ्याइतकाच कडका.

पैसेवाला खेळाडू नेमकं काय विकत घेतो ते आधी मांडून बघितलं. पुस्तकं, कोर्स, डेटाबेस, चांगला पट, स्पर्धांची प्रवेश फी आणि कोच. शेवटच्या दोन गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं आज फुकट मिळतं, आणि तेही अव्वल दर्जाचं. स्टॉकफिश हे जगातल्या सर्वांत ताकदवान इंजिनांपैकी, म्हणजे चाली शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी, एक. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००८ पासून लोक हौसेनं घडवत आलेत. बुद्धिबळ खेळायची साइट लिचेस २०१० पासून चालू आहे, फ्रान्समधली एक ना-नफा संस्था ते देणग्यांवर चालवते. जाहिराती नाहीत आणि पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी दालनंही नाहीत.

म्हणजे माहितीची ददात नाही, अडचण आहे ती कोचची. आणि कोच तरी काय करतो? माहिती आता त्याच्याकडेच असते असं राहिलेलं नाही. तो दोन गोष्टी बोलतो. एक, "हे आत्ता करू नकोस." दोन, डाव संपल्यावर, "ही चाल का केलीस?" या दोन वाक्यांची फुकटात सोय कशी लावायची, एवढाच हा प्रकल्प आहे.

४ जून

मोजमापाचा प्रश्न. सगळे रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, बघतात, पण लिचेसचं रेटिंग आणि फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) रेटिंग या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. लिचेस ग्लिको-२ पद्धत वापरतं, नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो आणि पुरेसे डाव होईपर्यंत आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह असतं. फिडेनं मार्च २०२४ मध्ये किमान रेटिंग १००० वरून १४०० वर नेलं, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडेही एका मापात बसत नाहीत. "माझं तिकडे १७०० आहे, म्हणजे इकडे किती?" याला पक्कं उत्तर नाही, तरी लोक त्यावर अख्खी संध्याकाळ घालवतात.

रेटिंग महिन्यातून एकदाच बघायचं असं ठरवलं. वहीत लिहायचं ते हे की हरलेला डाव कशानं गेला. खाने चार: मोहरं फुकट गेलं, दोन-तीन चालींची युक्ती दिसली नाही, वेळ संपला, बाकी काही. ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली), योजना, प्याद्यांची रचना हे सगळं मुद्दामच 'बाकी काही'त ढकललंय. तो खाना भरायला लागला की मग त्या वाटेला जाऊ.

९ जून

पट तयार झाला. जाड पुठ्ठा, घराची बाजू साडेपाच सेंटीमीटर, म्हणजे अख्खा पट ४४ सेंटीमीटर. फिडेच्या मापात घर ५ ते ६ सेंटीमीटर आणि राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच. घराचं माप पाळलं, राजाच्या उंचीचा विषयच नाही कारण मोहरी चपटी आहेत. पुठ्ठ्याच्या गोल चकत्या आणि त्यांवर अक्षरं: रा, व, ह, उं, घो. समोरच्यालाही वाचता यावं म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा, वर सुलट आणि खाली उलट, पत्त्यांवर असतं तसं. प्याद्यांच्या चकत्या कोऱ्या आणि जरा लहान. काळी घरं पेन्सिलीच्या तिरप्या रेघांनी भरली. उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं येतंय ना, हे रेघा मारण्याआधीच बघून घेतलं.

फोन असताना याची गरज काय, असं जोडीदारानं विचारलं. स्क्रीनवर मोहऱ्याला बोट लावलं की ते कुठे जाऊ शकतं त्या घरांवर ठिपके येतात आणि शेवटची चाल रंगवून दाखवली जाते. पुठ्ठा असलं काही दाखवत नाही, सगळं आपणच बघायचं. मग फोनमध्येही सेटिंगमध्ये जाऊन ते ठिपके आणि तो रंग दोन्ही बंद केले. पहिले काही डाव आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे गेले, आता सवय होतेय.

१६ जून

कोडी. लिचेसवर कोडी कितीही सोडवा, मर्यादा नाही. शिवाय सगळा संच एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो, वापरावर कसलंही बंधन नाही. उतरवून बघितला. एका ओळीत एक कोडं: स्थिती, उत्तराच्या चाली, कोड्याचं रेटिंग, विषय. साध्या स्प्रेडशीटची दहा-साडेदहा लाख ओळींची मर्यादा असते, तिच्यात ते मावतच नाही. साइटवर विषय निवडणं त्यापेक्षा कितीतरी सोपं, म्हणून फाइल पुसून टाकली.

विषय: फुकट पडलेलं मोहरं, एका चालीत मात, दोन चालींत मात, दुहेरी मारा, पिन (मागे मोठं मोहरं असल्यानं जागीच अडकलेलं मोहरं), शेवटच्या रांगेवरची मात. सध्या एवढंच. वजिराचा बळी देऊन पाच चालींत मात वगैरे बघायला छान असतं, पण माझ्या पातळीचे डाव त्यानं ठरत नाहीत.

नियम एकच आणि जाचक आहे. समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरासकट पूर्ण ओळ वहीत लिहिल्याशिवाय स्क्रीनला बोट लावायचं नाही. साइटवर एकेक चाल अंदाजानं खेळत शेवटपर्यंत पोचता येतं, वहीत ती पळवाट नाही. घड्याळ लावून धडाधड सोडवायचे प्रकारही आहेत आणि मजेचे आहेत, पण ते करमणुकीच्या खात्यात.

हीच हीच साधी कोडी पुन्हा पुन्हा का, याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवणीतून मांडायला सांगितलं. खऱ्या डावातली स्थिती असेल तर मास्टर नवशिक्याच्या मैलभर पुढे. मोहरी कशीही विखरून ठेवली की ही आघाडी जवळपास संपली. स्मरणशक्ती दोघांची सारखीच म्हणायची, मास्टरच्या डोक्यात ओळखीचे आकृतिबंध जास्त.

२४ जून

इंटरनेट बंद. ॲपमध्ये थोडी कोडी आधीच उतरलेली असतात, ती पुरली. उरलेल्या वेळात पुठ्ठ्यावर राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा. एकानं कोंडायचं, दुसऱ्यानं पळायचं, मग बाजू बदलायच्या. अचूक खेळलं तर कुठूनही १६ चालींच्या आत मात होते. अजून आम्हाला जास्त लागतात.

१ जुलै

कोड्यांमधली एक खोट आता ठळक दिसतेय. कोडं समोर आलं की इथे काहीतरी दडलंय हे आधीच ठाऊक असतं. डावात असं कोणी कानात सांगायला येत नाही. ज्या दुहेरी माऱ्याची कोडी पटापट सुटतात तोच मारा डावात समोर असून निसटतो, कारण त्या क्षणी आपण स्वतःला प्रश्नच विचारलेला नसतो.

यावर जोडीदारानं उपाय काढला. तो आमच्या दोघांच्या जुन्या डावांतून स्थिती उचलतो आणि लिचेसच्या स्टडीत (स्थिती साठवून ठेवायच्या सोयीत), खासगी ठेवून, एकापाठोपाठ एक लावतो. काहींत युक्ती आहे, काहींत काहीएक नाही, आणि काहींत दिसायला युक्ती आहे पण खेळली की अंगाशी येते. मी प्रत्येक स्थितीला तीनपैकी एक उत्तर द्यायचं: मारा आहे, मारा नाही आणि शांत चाल हवी, किंवा समोरच्याचाच धोका आहे आणि आधी तो आवरायला हवा. पहिल्या संचात मी निम्म्याहून जास्त ठिकाणी मारा "सापडवला".

संच बनवताना प्रत्येक स्थिती त्याला इंजिननं तपासून घ्यावी लागते. त्यात माझ्यापेक्षा त्याचाच अभ्यास जास्त होतोय, अशी त्याची तक्रार आहे. (तक्रार कसली, बढाई.) पुढचा संच मी बनवणार.

८ जुलै

आता दुसरं वाक्य, "ही चाल का केलीस?" डाव संपल्या संपल्या इंजिन उघडायचं नाही. आधी पुठ्ठ्यावर डाव पुन्हा मांडायचा आणि जिथे विचारात वेळ गेला तिथे त्या क्षणी मनात काय होतं ते शब्दांत लिहायचं. "उंट मारावासा वाटला, पण त्यांचा घोडा आत येईल म्हणून सोडला", असं. लिचेस प्रत्येक चालीला लागलेला वेळ डावासोबत ठेवतं, त्यामुळे कुठे अडकलो होतो ते आपोआप कळतं. माजी जगज्जेते मिखाईल बोटविनिक तर याच्या पुढे जात. आपल्या डावांचं विश्लेषण करा आणि ते प्रसिद्ध करा, म्हणजे लोक त्यातली चूक दाखवतील, असं ते सांगत. आमच्याकडे लोक म्हणजे एकमेकंच. वह्या बदलतो.

मग इंजिन. ते +१.७ असा आकडा दाखवतं, म्हणजे ढोबळमानानं पावणेदोन प्याद्यांइतकी आघाडी. का, ते सांगत नाही. ते काढून घ्यावं लागतं. आपल्याला योग्य वाटलेली चाल करून बघायची आणि इंजिनचं उत्तर बघायचं. त्या उत्तराला आपलं प्रत्युत्तर, मग पुन्हा त्याचं. तीन-चार फेऱ्यांत कारण बाहेर पडतं, आणि नाही पडलं तर ती स्थिती अजून आपल्या आवाक्यातली नाही असं समजून पुढे जायचं. लॅपटॉपवर लिचेसच्या विश्लेषण पटावर 'एक्स' दाबलं की समोरच्याचा धोका बाणानं दिसतो. कोणी भरमसाट पैसे घेऊन शिकवावं इतकं कामाचं बटण आहे ते.

१२ जुलै

जोडीदाराचा डाव. शेवटी उरलं ते इतकंच (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा): पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७. चाल पांढऱ्याची, आणि पांढरा तो. बरोबरी झाली. पांढरा राजा डी५ ला गेला की काळा डी७ ला, एफ५ ला गेला की एफ७ ला. समोरून वाट मिळतच नाही.

"एक प्यादं जास्त आणि बरोबरी? हा काय न्याय झाला?"

"दोन चाली मागे जा. प्यादं ई३ वर होतं ना? ढकललंस का?"

"शेवटी पुढेच न्यायचं होतं की ते."

पुठ्ठ्यावर प्यादं परत ई३ ला ठेवलं, बाकी सगळं तसंच. आता पांढरा ई४ खेळतो आणि चाल काळ्यावर येते. काळ्याला बाजूला किंवा मागे सरकावंच लागतं. तो डी७ ला गेला तर पांढरा राजा एफ६, तो डी८ तर एफ७, आणि मग प्याद्याला अडवायला कोणी उरत नाही. प्याद्याची ती एक चाल राखीव ठेवायची होती, ती आधीच खर्च झाली. राजानं पुढे जायचं, प्याद्यानं मागून यायचं. कडेच्या प्याद्याला हे लागू नाही, काळा राजा कोपऱ्यात पोचला की तिथे बरोबरीच.

नंतर टेबलबेसला विचारून खात्री केली. राजे धरून पटावर सातपर्यंत मोहरी उरली की त्या स्थितीचा अंतिम निकाल सिझिजी टेबलबेसमध्ये असतो. सात मोहऱ्यांचा संच २०१८ मध्ये पुरा झाला. तो साध्या घरगुती संगणकात मावणार नाही एवढा मोठा आहे, पण लिचेसच्या विश्लेषण पटावर मोहरी मांडली की उत्तर समोर येतं. एंडगेम, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरचा खेळ, शिकायला याच्याइतका खमक्या तपासनीस पूर्वी कोणालाच मिळाला नव्हता.

२० जुलै

पुस्तक एकच घेतलंय, कापाब्लांकाचं 'चेस फंडामेंटल्स'. १९२१ चं, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अधिकृतपणे फुकट. ते जगज्जेते झाले ते याच वर्षी. पुस्तक सुरू होतं तेच मात करण्याच्या साध्या प्रकारांपासून आणि एंडगेमपासून, ओपनिंग नंतर. मला हा क्रम पटतो.

अडचण एकच, चाली जुन्या वर्णनात्मक पद्धतीनं लिहिल्यात. 'पी-के४' म्हणजे राजासमोरचं प्यादं चौथ्या घरात, पण घरं ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं मोजायची. म्हणून पांढऱ्यासाठी ते ई४ आणि काळ्यासाठी ई५. आधी वैताग आला. आता एकजण वाचतो, दुसरा पुठ्ठ्यावर खेळतो आणि नव्या पद्धतीनं वहीत उतरवतो. पानं सावकाश सरतात, पण नुसती नजर फिरवून पुढे जाणं बंद झालंय.

२७ जुलै

ल्युसेना, हत्तींच्या एंडगेममधली एक प्रसिद्ध स्थिती. पांढरा: राजा जी८, प्यादं जी७, हत्ती ई१. काळा: राजा डी७, हत्ती एच२. चाल पांढऱ्याची. प्यादं वजीर होण्यापासून एक पाऊल दूर आहे, पण स्वतःचाच राजा त्याच्या वाटेत उभा आणि राजा बाहेर आला की काळा हत्ती शह देत सुटतो.

किल्ली आहे हत्ती ई४. पहिल्यांदा बघताना ही चाल निरुद्योगी वाटते. पुढे: काळा हत्ती एच१, राजा एफ७, हत्ती एफ१ शह, राजा जी६, हत्ती जी१ शह, राजा एफ६, हत्ती एफ१ शह, राजा जी५, हत्ती जी१ शह, आणि आता हत्ती जी४. शह अडला, प्यादं मोकळं झालं. चौथ्या रांगेवर हत्ती का नेऊन ठेवला होता ते इथे कळतं. याला पूल बांधणं म्हणतात.

पाठ करून उपयोग नाही, म्हणून लिचेसवर ही स्थिती मांडून तिथूनच संगणकाशी खेळतोय. वेगवेगळ्या उभ्या पट्ट्यांवर, पट उलटा करून. फिलिडोरची बचावाची स्थिती पण याच पद्धतीनं: काळा हत्ती सहाव्या रांगेवर ठेवून पांढऱ्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, आणि प्यादं सहाव्या रांगेवर आलं की हत्ती तडक खाली नेऊन मागून शह द्यायचे. १७७७ मधलं विश्लेषण आहे हे, आणि आजही त्यात काना-मात्रेचा फरक पडलेला नाही.

५ ऑगस्ट

नुसता खेळलो. वही उघडली नाही.

९ ऑगस्ट

वेळेचं गणित. फिडेच्या व्याख्येत दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झ, दहाच्या वर आणि साठच्या आत म्हणजे रॅपिड. फुकट खेळात ब्लिट्झचा मोह जबर, कारण पुढचा डाव एका बोटावर असतो. मी पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद असा पर्याय धरलाय. एक डाव, मग निदान तेवढाच वेळ वहीवर, आणि मगच दुसरा डाव.

जोडीदाराचं मत वेगळं. ओपनिंगच्या पहिल्या दहा चाली सवयीच्या व्हायला ब्लिट्झच बरं, असं तो म्हणतो. त्यात तथ्य आहे. पण तो ज्या वेगानं एकामागून एक खेळतो त्याला सराव म्हणायला माझी जीभ वळत नाही.

१८ ऑगस्ट

चाल ओळखा. कुठलाही गाजलेला डाव घ्यायचा, चालींवर कागद ठेवायचा, विजेत्याच्या बाजूनं प्रत्येक चाल आधी लिहायची आणि मग कागद खाली सरकवायचा. मालाची टंचाई नाही. 'द वीक इन चेस' १९९४ पासून दर आठवड्याला ताजे डाव फुकट देत आलंय. सुरुवातीला मात्र जुने डाव बरे, त्यांत चुकीला शिक्षा उघडपणे होते.

पहिला डाव एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मॉर्फीचा, पॅरिसच्या ऑपेरातला, १८५८. समोर ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर, दोघं मिळून एका बाजूनं. १७ चालींत खलास. जोडीदारानं सोळाव्या चालीवर कागद धरून ठेवला. पांढऱ्याचा वजीर बी३, हत्ती डी१, उंट जी५. काळा राजा अजून ई८ वरच, त्याचा घोडा डी७ वर, आणि एफ८ चा उंट व एच८ चा हत्ती जागचे हललेलेही नाहीत. मी वजीर मारामारीला लावला, मग हत्ती, मग उंट. एकही ओळ शेवटाला जाईना. मग डी८ या घराकडे लक्ष गेलं. उंटाचा जोर त्या घरावर आहे, हत्तीची पट्टी तिथेच जाते, मध्ये फक्त तो घोडा. म्हणजे घोडा हटवायचा. वजीर बी८ शह! घोड्याला वजीर मारावाच लागतो आणि हत्ती डी८ वर मात.

ही चाल मला अनेकदा "माहीत" होती. घोडा हलला पाहिजे, या बाजूनं तिच्यापर्यंत पहिल्यांदाच आलो.

२८ ऑगस्ट

ओपनिंगवर कमीत कमी वेळ. लिचेसच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये दोन साठे आहेत, एक मास्टरांच्या डावांचा आणि दुसरा साइटवरच्या सगळ्यांचा. दुसऱ्यात रेटिंगची चाळणी लावता येते. आपल्याला भेटणारे लोक खरोखर काय खेळतात ते तिथेच दिसतं.

नमुना म्हणून: ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५. काळा डी५ खेळतो, पांढरा प्याद्यानं मारतो. आता घोड्यानं प्यादं परत मारणं इतकं स्वाभाविक वाटतं की खालच्या पातळीवर ते सर्रास दिसतं. मग पांढरा घोडा एफ७ वर बळी जातो आणि काळा राजा पटाच्या मध्यात उघडा पडतो. मास्टर तिथे घोडा ए५ खेळून सी४ च्या उंटावर जातात. दोन साठ्यांतला हा फरक ज्या चालीवर दिसतो, तेवढीच चाल वहीत लिहायची. वीस चालींच्या फांद्या पाठ करायच्या नाहीत.

८ सप्टेंबर

आमच्यापेक्षा बराच तगडा एक खेळाडू ऑनलाइन भेटला. हरल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कुठे वाटलं की डाव तुमचा झाला?" इंजिनच्या मते मी २६ व्या चालीला गळपटलो होतो. ते म्हणाले, "चौदाव्या चालीला तुम्ही चांगला उंट देऊन माझा वाईट घोडा घेतलात. त्यानंतर मला फक्त वाट बघायची होती." इंजिनच्या आलेखात चौदाव्या चालीला जेमतेम उचकी दिसते.

हा प्रश्न आता दर हरलेल्या डावानंतर विचारायचा. बरेच जण उत्तर देत नाहीत, काही भरभरून देतात. आणि आमच्याकडून हरलेल्या नवख्यांना आम्हीही सांगायचं. सांगताना आपलंच कच्चं असलेलं उघडं पडतं.

जोडीदार कसा निवडावा याचा अंदाज इलो या रेटिंगच्या पद्धतीच्या गणितातून येतो. १०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूला सरासरी ६४ टक्के गुण अपेक्षित, २०० असेल तर ७६, आणि ४०० असेल तर ९१. म्हणजे चारशेनं वरच्याशी रोज खेळणं हे बहुतांशी मार खाणं. शंभर-दोनशेनं वरचा सर्वांत फायद्याचा. त्याच्याशी हरताना आपण कुठे हरलो ते समजण्याच्या टप्प्यात असतं.

२१ सप्टेंबर

स्पर्धांची फी हा एकमेव खर्च ज्याला खरा पर्याय नाही. फिडेचं पहिलं रेटिंग मिळायला मानांकित खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात, आणि ते समोरासमोर बसूनच. तूर्त तो विषय बाजूला.

ऑनलाइन मात्र लिचेस४५४५ नावाची लीग सापडली. स्वयंसेवक चालवतात, फी नाही. संघात घेतात, आठवड्याला एक डाव, प्रत्येकी ४५ मिनिटं अधिक दर चालीला ४५ सेकंद. संघ आहे म्हटल्यावर वाईट स्थितीतही चिवटपणे खेळावं लागतं. दोघांनी नावं दिलीत.

४ ऑक्टोबर

व्हिडिओंबद्दल एक नोंद, कारण त्यांत वेळ सर्वांत जास्त बुडतो. चांगले आहेत. ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की खालच्या रेटिंगपासून वर चढत जाताना प्रत्येक चालीमागचा विचार बोलून दाखवायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते गेले, ते व्हिडिओ अजून खुले आहेत. आम्ही एक डाव बघायला संध्याकाळ घेतो. ते विचार करायला थांबले की व्हिडिओ थांबवायचा, आपली चाल कारणासकट लिहायची, मग पुढे. अशा रीतीनं न बघता आलेला व्हिडिओ करमणुकीच्या खात्यात, घड्याळाच्या कोड्यांशेजारी.

१९ ऑक्टोबर

वहीतले खाने तपासले. 'मोहरं फुकट गेलं' हा खाना जूनमध्ये दाटीवाटीचा होता, आता विरळ झालाय. युक्त्यांचा थोडा हलका झालाय. 'वेळ संपला' मात्र वाढला, आणि ते अपेक्षित होतं. दर चालीला स्वतःला प्रश्न विचारायचे म्हटल्यावर घड्याळ पळणारच. लीगच्या लांब डावांत हा त्रास जाणवत नाही, रॅपिडमध्ये जाणवतो. सध्या तोडगा एवढाच की जिथे मोहरी एकमेकांना भिडलेली नाहीत तिथे मिनिटाच्या वर थांबायचं नाही.

'बाकी काही' आता भरू लागलाय, आणि त्यातले बरेच डाव हत्तींच्या एंडगेममध्ये गेलेत. स्थिती बरोबरीची, मोहरी समसमान, आणि मी प्यादी राखत बसलो असताना समोरचा राजा घेऊन आत शिरला.

म्हणून पुढचा झाकायचा डाव ठरला: कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर, न्यूयॉर्क १९२४. कागद ३५ व्या चालीवर थांबवलाय. पांढरा राजा एफ३, हत्ती एच७ वर म्हणजे सातव्या रांगेत, काळा हत्ती सी६ वरून सी३ च्या प्याद्यावर टपलेला. कापाब्लांकानं राजा जी३ ला नेला. सी३ चं प्यादं शहासकट जातं, पाठोपाठ एफ४ चंही जातं, तेही शहासकट, आणि राजा एच४, जी५ करत एफ६ ला जाऊन बसतो. त्यानंतर काळ्याच्या जास्तीच्या प्याद्यांना कोणी विचारत नाही.

मला डाव आधीच ठाऊक होता, जोडीदाराला नव्हता. त्यानं वहीत सी३ राखणारी चाल लिहिली आणि कागद सरकवल्यावरही तीच बरोबर म्हणून अडून बसलाय. इंजिन अजून उघडलेलं नाही. उद्या ती स्थिती पुठ्ठ्यावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळायची, आधी त्याच्या चालीनं, मग कापाब्लांकाच्या.